पाइप घेण्याआधी व्यास समजून घ्या



सोयाबीनची मळणी सुरू आहे आणि चण्याची तयारी डोक्यात आहे. या पंधरवड्यात आपल्यापैकी बरेच जण पाइप, स्प्रिंकलर संच, थ्रेशरची पुली यावर पैसे घालणार. या सगळ्या वस्तूंवर एक आकडा असतो, तो म्हणजे व्यास. शाळेत पाठ केला आणि विसरलो. आजचा संदेश थोडा लांब आहे, पण खरेदीला जाण्याआधी पूर्ण वाचा.

आधी माझीच चूक सांगतो. पदविका संपवून घरी आलो, त्या वर्षी विहिरीपासून वावराच्या टोकापर्यंत ३०० मीटर पाइपलाइन टाकायची होती. बाबा म्हणाले, तीन इंची टाकू. मी म्हणालो, "दोन इंचीत भागते, एका इंचाचाच तर फरक आहे." पाइप गाडला. चण्याच्या ओलिताची वेळ आली तेव्हा विहिरीजवळचे नोझल जोरात फिरत होते अन् टोकाचे नुसते थेंब टाकत होते. आम्हाला वाटलं मोटार कमजोर आहे, म्हणून मोठी मोटार घेतली. बिल वाढलं, पाणी जेमतेम वाढलं. टोकाचा अर्धा एकर चणा फुलोऱ्यातच वाळला. दोष मोटारीत नव्हता, माझ्या "एका इंचाचाच फरक" या हिशेबात होता.

*व्यास म्हणजे काय?*

गोल वस्तूच्या एका काठापासून, बरोबर मध्यातून, समोरच्या काठापर्यंतचे अंतर म्हणजे व्यास. मध्यापासून काठापर्यंतचे अंतर ती त्रिज्या, म्हणजे व्यासाची निम्मी. काठाने पूर्ण फेरी मारली तर होतो तो परीघ.

वस्तू अगदी गोल नसली तरी हा शब्द चालतो. आपल्या विदर्भातल्या लोणार सरोवराचे विवर पूर्ण गोल नाही, म्हणून त्याचा सरासरी व्यास सांगतात, साधारण १.८ किलोमीटर. गणितात तर कोणत्याही आकारातल्या सर्वांत लांबच्या दोन बिंदूंमधले अंतर हाच त्याचा व्यास. त्या अर्थाने चौरस एक एकराचा व्यास म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, सुमारे ९० मीटर. मोटारीच्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सरळ नळी न्यायची तर इतकी तरी लागेलच.

*मध्य सापडत नसेल तर कसा मोजायचा?*

झाडाच्या खोडाचा किंवा जोडलेल्या पाइपचा मध्य कुठून शोधणार? तिथे दोरी गुंडाळा. दोरीची लांबी म्हणजे परीघ. त्याला ७ ने गुणा आणि २२ ने भागा, व्यास मिळाला. खोडाची गोलाई ८८ सेंमी असेल तर व्यास २८ सेंमी.

हे २२/७ आजचे नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत दोन माप दिले आहेत: बारीक हिशेबासाठी ३९२७/१२५० आणि रोजच्या व्यवहारासाठी २२/७. आपला व्यवहार वावरातला, आपल्याला २२/७ पुरते.

दुकानातही ही युक्ती कामाची आहे. पीव्हीसी पाइपवर शिंप्याचा टेप गुंडाळून पाहा. ६३ मिमी पाइपला साधारण १९८ मिमी, ७५ ला २३६ मिमी आणि ९० ला २८३ मिमी गोलाई यायला पाहिजे. बरीच कमी आली तर तो पाइप त्या मापाचा नाही.

आता मुख्य गोष्ट. व्यास वाढला की काही गोष्टी *सरळ पटीत* वाढतात आणि काही *पटीच्या पटीत*. कुठे कोणता हिशेब लागतो हे कळले की अर्धे नुकसान टळते.

*१) सरळ पट: चाक आणि पुली*

व्यास दुप्पट तर परीघ दुप्पट. म्हणून पट्ट्याने जोडलेल्या दोन चाकांत लहान चाक जास्त फिरते. सेवाग्रामला किंवा वर्ध्याच्या मगन संग्रहालयात चरखा पाहिला असेल. मोठ्या चाकाचा व्यास चातीच्या पन्नास पट असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती पन्नास वेळा फिरते. चरख्याची सगळी करामत व्यासात आहे.

थ्रेशरचेही तेच. हिशेब असा:

इंजिनचे फेरे × इंजिनच्या पुलीचा व्यास ÷ ड्रमच्या पुलीचा व्यास = ड्रमचे फेरे

इंजिन मिनिटाला १५०० फेरे, त्याची पुली ४ इंच, ड्रमची पुली १५ इंच. ड्रमचे फेरे झाले ४००. आता घाईत कोणी इंजिनवर ५ इंची पुली चढवली, तर ड्रम ५०० फेऱ्यांवर गेला. काम लवकर उरकते, पण सोयाबीनच्या दाण्याचे साल फार नाजूक असते. मार जास्त बसला की दाणा फुटतो किंवा आतल्या आत दुखावतो. बाजारात विकायला तो चालून जाईल, पण पुढच्या जूनमध्ये पेरला तर उगवणार नाही.

⚠️ घरचे बियाणे ठेवणार असाल तर दाण्यात १३ ते १४ टक्के ओलावा असताना मळणी करा आणि ड्रम ४०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका. थ्रेशर भाड्याचा असला तरी चालकाला आधी पुली विचारा. तो हसला तर हसू द्या, बियाणे आपले आहे.

*२) पटीची पट: पाइप, विहीर, संत्रा, सागवान*

व्यास दुप्पट झाला की गोलाचे क्षेत्रफळ दुप्पट होत नाही, *चौपट* होते. दीडपट झाला तर सव्वादोन पट. मी चुकलो ते इथेच.

🔹 *पाइप:* बोलीत ६३ मिमीला दोन इंची, ७५ ला अडीच इंची आणि ९० ला तीन इंची म्हणतात. ६३ च्या जागी ९० घेतला तर पाण्याची वाट दुपटीपेक्षा जास्त रुंद होते. पण खरा फरक घर्षणाचा आहे. अरुंद पाइपमध्ये पाणी वेगाने पळते, भिंतीला घासते आणि मोटारीचा जोर त्यातच संपतो.

३०० मीटर लाइन आणि सेकंदाला ५ लिटर पाणी, म्हणजे तासाला १८,००० लिटर, असे धरून हिशेब केला. पाइपचा आतला व्यास अनुक्रमे ५९, ७१ आणि ८५ मिमी धरला. नुसत्या घर्षणात वाया जाणारा जोर अंदाजे असा येतो:

६३ मिमी: १६ मीटर
७५ मिमी: साडेसहा मीटर
९० मिमी: पावणेतीन मीटर

१६ मीटर म्हणजे जमीन सपाट असली तरी मोटार जणू पाच मजली इमारतीवर पाणी चढवते आहे. आणि ते एकदाच नाही, प्रत्येक ओलिताला. मोठी मोटार लावून त्याच पाइपमधून दुप्पट पाणी ढकलायला गेलो तर घर्षण साडेतीन पटीपेक्षा जास्त वाढते. म्हणून आमच्या घरी बिल वाढले आणि पाणी वाढले नाही. पाइपमधल्या पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत राहावा असे आम्ही धरतो. वरच्या उदाहरणात ६३ मध्ये तो १.८ च्या पुढे जातो, ७५ मध्ये सव्वा मीटरवर येतो.

🔹 *विहीर:* ४ मीटर व्यासाच्या विहिरीत दर मीटर खोलीला साधारण १२,५०० लिटर पाणी मावते. ६ मीटर व्यासाच्या विहिरीत २८,००० लिटरहून जास्त. पण एक लक्षात ठेवा, विहीर रुंद केल्याने *साठा* वाढतो, झरे त्या पटीत वाढत नाहीत. खालून येणारे पाणीच कमी असेल तर रुंदीकरणावर खर्च करण्याआधी विचार करा.

🔹 *संत्रा:* कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या बागाइतदारांनी हे खास वाचावे. झाडाच्या घेराचा व्यास २ मीटर असताना झाड सुमारे ३ चौरस मीटर जागा झाकते. व्यास ४ मीटर झाला की साडेबारा चौरस मीटर. पाण्याची गरज या झाकलेल्या जागेवर ठरते. झाड चौपट झाले आणि खोडाजवळचे ड्रीपर मात्र लहानपणचे तेच दोन, असे किती बागांत दिसते! घेर वाढला की ड्रीपरची संख्या वाढवा आणि नळी खोडापासून दूर सरकवा. खोडाशी ओल राहिली की डिंक्या येतो. घेर मोजताना फांद्यांच्या टोकाखाली दोन खुणा करा, पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर दोन्ही मापे घ्या आणि सरासरी काढा.

🔹 *धुऱ्यावरचे सागवान:* खोडाची गोलाई छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. ४४ सेंमी गोलाईचे एक झाड आणि ८८ सेंमीचे दुसरे, उंची सारखीच. दुसऱ्यात लाकूड दुप्पट नाही, चौपट असते. "गोलाई दुप्पट, म्हणून भाव दुप्पट" असे कोणी म्हणाले तर हो म्हणण्याआधी हा हिशेब आठवा.

*३) व्यास आतला की बाहेरचा?*

इथे बरेच जण फसतात. पीव्हीसी आणि एचडीपीई पाइपवर लिहिलेला आकडा *बाहेरचा* व्यास असतो. पाणी आतून जाते. त्यामुळे दोन्ही पाइप ७५ मिमीचे असले, तरी जास्त दाबाचा पाइप जाड असतो आणि त्याची आतली वाट थोडी अरुंद असते. लोखंडी जीआय पाइपची इंची मात्र ढोबळमानाने आतल्या व्यासाची असते. म्हणून जुन्या दोन इंची लोखंडी पाइपला नवा ६३ चा पाइप थेट बसत नाही, जोड लागतो.

पातळ पाइप आतून रुंद असतो म्हणून तोच घ्यावा, असा याचा अर्थ नाही. लाइनवर जितका दाब येणार तितक्या दाबाचाच पाइप घ्यायचा. दाब कमी लिहिलेला स्वस्त पाइप पहिल्याच हंगामात तडकतो.

*या आठवड्यात एवढे करा* ✅

१. पाइप घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहा: विहिरीपासून टोकापर्यंतचे अंतर, चढ किती, मोटारीचे पाणी. मोटारीचे पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. ४० सेकंद लागले तर सेकंदाला ५ लिटर.
२. पाइपवरचा व्यास आणि दाब दोन्ही वाचा, टेपने गोलाई तपासा, पक्के बिल घ्या.
३. शेवटच्या नोझलला पाणी पोचत नसेल तर मोटार बदलण्याआधी पाइपचा व्यास तपासा.
४. बियाण्याच्या सोयाबीनची मळणी असेल तर दोन्ही पुल्यांचे व्यास मोजा.

वरच्या तीन गोष्टी आणि पाइपवरच्या छापाचा फोटो ग्रुपवर टाका. कोणता व्यास लागेल ते मी हिशेब करून कळवतो. त्याला दहा मिनिटे लागतात. आमच्या घरी ती दहा मिनिटे कोणी दिली नाहीत, कारण शिकलेला मीच होतो आणि मला वाटत होतं मला सगळं येतं. आजही त्या टोकाच्या अर्ध्या एकराकडे गेलो की बाबा काही बोलत नाहीत, फक्त पाइपकडे पाहतात.

ओलिताला शुभेच्छा. 🙏
– तुमचा कृषी सल्लागार