फूटभर नळीचा हिशेब

पीव्हीसीची एक नळी. लांबी फूटभर, तोंड चार-सहा इंचांचं, खालच्या अर्ध्या भागाला ड्रिलने पाडलेली भोकं. हवामानबदलावर मिळेल ते अधाशासारखं वाचत आलो आहे, पण या नळीइतकं माझं मन दुसऱ्या कशावर जडलं नाही.

फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ती जगभर पोचवली. भोकांचा भाग भाताच्या बांधीत दाबायचा, आतला चिखल हाताने उपसायचा. मग पाणी जमिनीखाली कुठवर उतरलं ते डोकावलं की कळतं. पंधरा सेंटिमीटर खाली गेलं की पुन्हा पाणी सोडायचं, पाच सेंटिमीटर उभं राहील इतकं. रोवणीनंतरचे पहिले दोन आठवडे तणाच्या भीतीने आणि पुढे फुलोऱ्यात मात्र पाणी तोडायचं नाही. झाली पद्धत! वरची माती भेगाळलेली दिसली तरी मुळांशी ओल असते. नीट सांभाळलं तर उतारा घटत नाही आणि पाणी तीस टक्क्यांपर्यंत वाचतं.

यात हवामान कुठून आलं? भरल्या बांधीत पाय टाका. घोट्याभोवती बुडबुडे उठतात. त्यांत मिथेन असतो. पाण्याखालच्या मातीत हवा पोचत नाही, म्हणून तो तयार करणारे सूक्ष्मजीव तिथे माजतात. बुडबुड्यांतून येतो तो थोडाच. बहुतेक मिथेन रोपाच्या आतल्या पोकळ्यांतून वर निघतो. भाताचं रोप म्हणजे मातीचं धुराडंच! शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. मातीत हवा खेळली की हे जीव थंडावतात. नायट्रस ऑक्साइड मात्र थोडा वाढतो, म्हणून युरियाचा हात आखडता ठेवायचा.

आता पैशांचं. अन्न विकणाऱ्या बड्या कंपन्यांच्या नावावरचं बहुतेक उत्सर्जन कारखान्यात नाही, शेतात होतं. ते घटवायचं तर शेतकऱ्याला मोबदला द्यावा लागतो. थेट, नाहीतर कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे घटवलेल्या उत्सर्जनाचे टन विकायच्या, बाजारातून. त्या बाजाराची पत बेताचीच. ऑगस्ट २०२४ मध्ये व्हेरा या प्रमाणन संस्थेने चीनमधले ३७ भात-प्रकल्प नाकारले.

उन्हाळी धानाच्या दिवसांत नळी पिशवीत टाकून मी अर्जुनी मोरगावकडे गेलो होतो. एका काकांनी ती उलटसुलट करून पाहिली. “समजलं. पण धुऱ्यावरून पाणी दिसलं नाही त लोक म्हनतील, याचा बोर आटला.” मग हळूच, “अन् पैसे किती देते?”

तिथेच कागद काढला. दक्षिण आशियासाठी आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीचा ठोक आकडा आहे हेक्टरी रोज ०.८५ किलो मिथेन. हंगाम ११२ दिवसांचा, म्हणजे ९५ किलो. पाणी वरचेवर तोडलं की घट ४५ टक्के, म्हणजे ४३ किलो; गुणिले २८, साधारण १.२ टन. टनाला दहा डॉलर धरले तर हेक्टरी हजारेक रुपये, एकरी चारशे. मोजणी, तपासणी आणि मधल्या हातांचा वाटा यातूनच जायचा. काका हसले, “एवढ्यात दोन बायांची मजुरी निघल.”

काकांचं चूक नाही. पाणी वाचावं म्हणून पंजाब सरकार भाताच्या थेट पेरणीला एकरी १,५०० रुपये देतं. व्हिएतनामने मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशात २०३० पर्यंत दहा लाख हेक्टरांवर कमी उत्सर्जनाचा भात पिकवायचं ठरवलं आणि जून २०२५ मध्ये त्याच नावाने ५०० टन तांदूळ जपानला धाडला. मला हा रस्ता जास्त पटतो. हवेतल्या टनांपेक्षा पोत्यातल्या तांदळाला भाव मागणं सोपं.

आणि आपल्याकडे? २०२३-२४ च्या खरिपासाठी राज्य सरकारने धान उत्पादकांना हेक्टरी २०,००० रुपये बोनस दिला, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. खरिपात पाणी आभाळाच्या हाती, तिथे नळी फारशी चालायची नाही. उन्हाळी धानात मात्र ते शेतकऱ्याच्या हाती असतं. अशा बोनसचा दहावा हिस्सा जरी उन्हाळ्यात नळी लावणाऱ्याला दिला, तरी क्रेडिटच्या दुप्पट रक्कम त्याच्या पदरात पडेल. कार्बनचा बाजार सुधारायची वाट त्याने कशाला पाहायची?