परत कुठे जाणार?

आमच्या इंटरनॅशनल सिटीत राहण्याचा एक मोठा फायदा आहे. इथे व्हिसाशिवाय जगप्रवास होतो. दुबईच्या अल वरसान भागात नखील कंपनीने वसवलेल्या ह्या वस्तीत एकेका विभागाला एकेका देशाचे नाव आहे. इंग्लंड, फ्रान्स, ग्रीस, इटली, रशिया, स्पेन, मोरोक्को, पर्शिया, चीन, सगळे एका कुंपणात. आम्ही इंग्लंडात राहतो, ग्रोसरी फ्रान्समध्ये, आणि धाकटीची मैत्रीण रशियात. लहानपणी ती सायकलवरून दहा मिनिटांत तीन देश करून यायची. खेळणी, पडदे, आकाशकंदिलाचे कागद आणायला शेजारी ड्रॅगन मार्ट आहेच.

खरी सरहद्द ओलांडायची वेळ आली ती २०२५ साली. त्या उन्हाळ्यात धाकटी इंजिनिअरिंगसाठी अमेरिकेला गेली. तेव्हापासून मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमाला गेले की कोणी ना कोणी आई मला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारते, "काय हो, किती पैसे दाखवावे लागतात?" हळदीकुंकवाची वाटी हातात घेऊन देण्यासारखे हे उत्तर नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते आहे. मी वकील नाही, एका कचेरीत हिशेब लिहिते. तेव्हा नियम आणि आकडे शेवटी ज्या त्या देशाच्या सरकारी माहितीवरून पडताळून घ्यावेत ही विनंती. पण एक गोष्ट मी अनुभवाने सांगू शकते. पैशांचा प्रश्न वाटतो तितका अवघड नसतो. आपल्या आखातातल्या कुटुंबांची गाडी अडते ती वेगळ्याच प्रश्नावर.

आनंदीबाईंना व्हिसा लागला नव्हता

आपल्या मराठी घरांत परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आनंदीबाई जोशी आठवतात. एप्रिल १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांना समाजाची परवानगी मिळवताना काय यातना झाल्या ते आपण जाणतो, पण विद्यार्थी व्हिसा नावाची वस्तू तेव्हा नव्हतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हाही नव्हती. मात्र बाबासाहेबांकडून बडोदा संस्थानाने करार लिहून घेतला होता की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करीन. म्हणजे परत येण्याचे वचन होते, फक्त ते पाठवणाऱ्याने घेतले होते.

पुढे १९१७ साली अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दारे बंद केली. त्यातून जे थोडे अपवाद ठेवले त्यांत विद्यार्थी होते. १९२४ च्या कायद्यातही विद्यार्थ्यांना वेगळी जागा मिळाली आणि १९५२ च्या कायद्याने आजचा 'एफ' व्हिसा आला. हा इतिहास मुद्दाम सांगते, कारण त्यात ह्या व्हिसाचा स्वभाव दिसतो. वस्तीला येणाऱ्यांसाठी दार बंद असतानाही शिकून परत जाणाऱ्याला वाट ठेवली गेली. परत जाण्याचे वचन आता पाठवणारा घेत नाही, दार उघडणारा घेतो.

त्या १९५२ च्या कायद्याचे २१४ (ब) हे कलम प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे. त्याचा मथितार्थ असा की, अर्जदार कायमचा राहायलाच आला आहे असे अधिकाऱ्याने गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचे. कोर्टात आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो, इथे उलटे आहे. विद्यार्थ्याचे परदेशात घर असले पाहिजे आणि ते सोडून देण्याचा त्याचा इरादा नसला पाहिजे, असेही कायदा म्हणतो. आमच्या ओळखीतल्या एका हुशार मुलाला ह्या कलमाखाली नकाराचा कागद मिळाला, तेव्हा त्याचे आईवडील म्हणत राहिले, "अहो, पण त्याला शहाण्णव टक्के आहेत!" टक्के विद्यापीठाने आधीच तपासलेले असतात. खिडकीपलीकडच्या माणसाला दुसरेच काही जाणून घ्यायचे असते.

कागदांची वाट

क्रम साधा आहे. विद्यापीठाने प्रवेश दिला, आपण एका वर्षाच्या खर्चाची तजवीज दाखवली, की विद्यापीठ आय-२० नावाचा कागद पाठवते. त्यावर शिक्षणक्रम, तारखा आणि वर्षाचा खर्च छापलेला असतो. मग सेव्हिस नावाच्या सरकारी नोंदणीची फी भरायची, डीएस-१६० हा अर्ज संगणकावर भरायचा, व्हिसाची फी भरून मुलाखतीची तारीख घ्यायची. २०२५ साली आम्ही सेव्हिसचे ३५० डॉलर आणि अर्जाचे १८५ डॉलर भरले. नकार आला तर अर्जाची फी परत मिळत नाही. नकारावर अपील नसते, पण नवा अर्ज करता येतो. त्या अर्जात आधीचा नकार प्रामाणिकपणे लिहावा लागतो. तो लपवणे नकारापेक्षा महाग पडते.

इथे आमच्या हातून झालेली चूक सांगते. आय-२० एप्रिलमध्ये आले होते. "आधी बारावीचा निकाल लागू दे, मग तारीख घेऊ," असे मीच म्हटले. सीबीएसईचा निकाल १३ मेला लागला, पेढे वाटण्यात आणि फोन घेण्यात दोन आठवडे गेले, आणि २७ मे रोजी अमेरिकेने जगभरातल्या वकिलातींना विद्यार्थ्यांच्या नव्या मुलाखती देणे थांबवायला सांगितले. ज्यांनी आधी तारखा घेतल्या होत्या त्यांच्या मुलाखती चालू राहिल्या. आम्ही रोज पहाटे उठून संगणकासमोर बसायचो. १८ जूनला बंदी उठली, पण नवी अट घेऊन. विद्यार्थ्यांनी समाजमाध्यमांवरची आपली खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवायची. अमेरिकन सरकारच्या कृपेने लेकीचे इन्स्टाग्राम मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले! असो. जुलैअखेरची तारीख मिळाली. तात्पर्य, आय-२० हातात पडले की त्याच दिवशी फी भरून तारीख घ्या. पेढे नंतर.

आता पैसे. भारतातल्या पालकांकडे आयकराची विवरणपत्रे असतात. अमिरातीत पगारावर आयकर नाही, त्यामुळे आपल्याकडे तो कागदच नसतो. त्याची जागा पगाराचा दाखला, कामाचा करार आणि दरमहा पगार जमा होताना दिसणारा बँकेचा उतारा हे तीन कागद मिळून भरून काढतात. भारतातल्या मुदतठेवी आणि शैक्षणिक कर्जाची मंजुरीही चालते. चालत नाही ते मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात दीराकडून, मित्राकडून आणून टाकलेली मोठी रक्कम. हिशेबनीस म्हणून सांगते, उताऱ्यावर असे फुगलेले पान लगेच डोळ्यांत भरते. भाऊ मदत करणार असेल तर खुशाल सांगा, त्याचे पत्र आणि त्याचे कागद जोडा. पहिल्या वर्षाचे पैसे हाताशी आणि पुढच्या वर्षांचे कुठून येणार ह्याचा खरा हिशेब, एवढे पुरते.

जेवणाच्या टेबलावरची मुलाखत

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. फाइल जाडजूड न्यावी, पण ती उघडली जाईलच असे नाही. त्या वेळात तीन गोष्टी विचारल्या जातात. हेच शिक्षण आणि हेच विद्यापीठ का, पैसे कोण देणार, आणि नंतर काय. म्हणून आम्ही घरी तालीम करायची ठरवली. एका रात्री जेवणे आटोपल्यावर ह्यांनी चष्मा लावला, टेबलाच्या पलीकडे बसले आणि अधिकारी झाले.

पहिली दोन उत्तरे लेकीने फटाफट दिली. मग ह्यांनी विचारले, "शिक्षण झाल्यावर परत कुठे जाणार?"

"घरी."

"घर कुठे आहे?"

लेक गप्प. तिने माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे पाहिले. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

वाचकहो, आपल्या सगळ्यांची गोम इथे आहे. ती जन्मली दुबईत, पासपोर्ट भारताचा. तिचा इथला निवास वडिलांच्या व्हिसावर, आणि वडिलांचा निवास नोकरीवर. आमचा व्हिसा दर दोन वर्षांनी नवा होतो आणि आमचे आयुष्यही तसेच दोन-दोन वर्षांचे चालले आहे. "अजून दोन वर्षे, मग सांगलीला," हे वाक्य आम्ही बावीस वर्षे म्हणतो आहोत. सांगलीच्या घरी सासूबाई एकट्या. घराच्या वाटणीचा विषय भावाभावांत बारा वर्षे रेंगाळलेला. जो प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला नाही, त्याचे उत्तर अठरा वर्षांच्या पोरीने परक्या माणसाला दोन मिनिटांत द्यावे अशी आमची अपेक्षा!

पुष्कळ घरांत ह्यावर तोडगा म्हणून पाठ केलेले वाक्य देतात. "मी आईबाबांकडे दुबईला परत येईन," हे त्यातले सर्वांत आवडते. पण पुढचा प्रश्न येतो, बाबांचा व्हिसा कधी संपतो? तिथे मूल अडखळते, आणि खरे बोलणारे मूलही मग खोटे वाटू लागते.

आम्ही त्या रात्री पाठांतर सोडले आणि खरे काय ते बोललो. त्यातून निघाले ते असे. लेकीला पाण्याचे इंजिनिअरिंग का शिकायचे होते? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आजीच्या घरात शिरले, ते तिने सुट्टीत पाहिले होते. १६ एप्रिल २०२४ ला दुबईत कधी नव्हे असा पाऊस पडला आणि आमच्या इंटरनॅशनल सिटीचे रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा आम्ही चार पायऱ्या उतरून खाली जाऊ शकत नव्हतो. ज्या गावाला समुद्राचे पाणी गोडे करून प्यावे लागते तिथे पाणी तुंबले, आणि जिथे नदी आहे तिथे ती घरात आली. दोन्ही ठिकाणी तिच्या शिक्षणाचे काम आहे. भारतात परत जायला तिला कोणाचीही परवानगी लागत नाही. इथे नोकरी मिळाली तर स्वतःच्या व्हिसावर येईल. हे सगळे खरे होते, फक्त कोणी तिला जोडून दिले नव्हते.

आणि ह्यांनी त्याच रात्री सांगलीला धाकट्या दीरांना फोन लावून वाटणीचा विषय काढला. अधिकाऱ्यासाठी नव्हे. आम्हालाच कळले की उत्तर द्यायची वेळ झाली आहे.

बाकीचे देश आणि इथला निवास

प्रत्येक देश हाच प्रश्न आपापल्या रीतीने विचारतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठाच्या सीएएस क्रमांकावर अर्ज होतो आणि ठरलेली रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. एक दिवस जरी कमी पडली तरी अर्ज फसतो. कॅनडाने राहण्याच्या खर्चाची रक्कम जानेवारी २०२४ मध्ये १०,००० वरून २०,६३५ डॉलर केली आणि सप्टेंबर २०२५ पासून ती २२,८९५ झाली, फी वेगळी. तिथला कायदा एवढे मान्य करतो की पुढे स्थायिक व्हायची इच्छा असणे हा गुन्हा नाही, मुदत संपल्यावर निघाल ह्याची खात्री पटली पाहिजे. जर्मनी वर्षाचे पैसे बंद खात्यात आधीच ठेवायला लावते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो होती.

मूल गेल्यावर इथला निवास विसरू नका. सहा महिन्यांहून जास्त काळ अमिरातीबाहेर राहिल्यास निवास रद्द होऊ शकतो. शिक्षणासाठी बाहेर असणाऱ्यांना सवलत मिळते, पण ती विद्यापीठाचा दाखला देऊन मागावी लागते, आपोआप मिळत नाही. ऑक्टोबर २०२२ च्या सुधारणेपासून मुलगा २५ वर्षांचा होईपर्यंत वडिलांच्या व्हिसावर राहू शकतो, अविवाहित मुलीला वयाची मर्यादा नाही. आम्ही लेकीची तिकिटे अशी काढली आहेत की सहा महिन्यांच्या आत एक फेरी इथे होईल. आईच्या हातचे खाणेही होते आणि नियमही पाळला जातो.

मुलाखतीच्या दिवशी मी अल सीफच्या रस्त्यावर खाडीकडे पाहत उभी होते. पालकांना आत जाता येत नाही, आणि ते बरेच आहे. तासाभराने लेक बाहेर आली. "दिला," म्हणाली.

"काय विचारलं?"

"तेच. नंतर काय करणार. मी सांगलीच्या पुराचं सांगितलं. तो म्हणाला, सांगली कुठे आहे? मी म्हटलं, तिथे माझी आजी राहते."

ज्या घरांत यंदा बारावी आहे त्यांना एवढेच सांगते. पैशांचे कागद जमवालच. त्याआधी एका रात्री जेवणे झाल्यावर टेबलाशी बसा आणि आपल्या मुलाला विचारा, परत कुठे जाणार? त्याला उत्तर आले नाही तर रागावू नका. आधी स्वतःला विचारून पाहा. सर्व मुलांना मनापासून शुभेच्छा.