जागा नाही, पण नेमकी कुठे?

मागच्या व्याख्यानात 'अभाव' या पदार्थाविषयी बोलताना आम्ही सहज म्हणून गेलो होतो, की आमच्या शिरूर अनंतपाळच्या वाचनालयातलं एक यंत्र अभावापायीच अडलं होतं. त्यावर बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं, हे प्रकरण काय? म्हणून आज तेच. तत्त्वज्ञानाचा म्हातारा संगणकावर बोलणार म्हणून घाबरू नका. आज्ञा चार-पाचच आहेत आणि त्या आम्ही शेजारी एका पोराला बसवून स्वतः चालवलेल्या आहेत.

यंत्र म्हणजे नॅस. जाळ्याला जोडलेली साठवणपेटी म्हणा. आत चार-चार टीबीच्या दोन डिस्क, एकीवरचं सगळं दुसरीवर जसंच्या तसं. तिच्यात आम्ही तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवतो. १९४८ सालची पोलीस ॲक्शन आठवणारी माणसं आता नव्वदीच्या आसपास किंवा पुढे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप सांगणारे त्यामानाने तरुण, पण तेही कमी होत चालले. रेकॉर्डिंग झाल्यानंतर यांतली काही माणसं गेली. म्हणजे त्यांचा आवाज आता त्या पेटीतच काय तो उरला.

एके सकाळी पेटीचं ब्राउझरमधलं पान उघडलं, नाव घातलं, पासवर्ड घातला. पान क्षणभर फिरलं आणि पुन्हा पासवर्डच मागायला लागलं. चूक झाली असेल म्हणून पुन्हा घातला. तेच. पण संगणकावरून जुनी रेकॉर्डिंग उघडून ऐकता येत होती! नवीन सेटिंग मात्र काही करता येईना. एक जाणता गडी म्हणाला, "सर, डिस्क तर निम्मी रिकामी हाय. सिस्टीमच बिघडली. फॉरमॅट मारू का?" आम्ही त्याचा हात धरला. असं झालं तर तुम्हीही धरा. पेटीच्या मागचं बारीक छिद्रातलं बटणही दाबू नका. काही यंत्रांत ते थोडा वेळ दाबलं की फक्त पासवर्ड बदलतो, जास्त वेळ दाबलं की सिस्टीम नव्याने घालायची वेळ येते. आपल्या पेटीत काय होतं हे पुस्तिकेत वाचल्याशिवाय हात लावायचा नाही.

आता मूळ गोष्ट समजून घेऊ. लातूरच्या मोंढ्यात एखाद्या आडत्याचं गोदाम बघा, हजार पोत्यांचं. पण पुढची गादी, जिथे मुनीम बसून पट्टी लिहितो, ती हातभर. त्या गादीवर जुन्या वह्यांची चळत लागली आणि मुनीमाला कागद ठेवायला जागा उरली नाही, की पट्टी लिहिणं थांबलं. पट्टी नाही म्हणून नवा माल उतरत नाही. गोदाम अर्धं रिकामं असून काय उपयोग? नॅसमध्येही असंच असतं. आपला माल ज्यात राहतो तो मोठा भाग वेगळा, आणि यंत्राची स्वतःची कामकाजाची खोली वेगळी. तिला सिस्टीम पार्टिशन म्हणतात. सिनॉलॉजीच्या बऱ्याच जुन्या पेट्यांत ही खोली जेमतेम अडीच जीबीची, नव्यांत आठ जीबीच्या आसपास. तिथे ही खोली प्रत्येक डिस्कवर आरशासारखी उमटवलेली असते, म्हणजे एक डिस्क मेली तरी दुसरीवरून यंत्र उठतं. म्हणून मोठ्या डिस्क घातल्या तरी ही खोली मोठी होत नाही. हे न कळल्याने लोक नव्या डिस्क विकत आणतात.

पासवर्ड बरोबर असूनही आत का घेत नव्हतं? कारण कुणी आत आलं की यंत्र त्याची बारीकशी नोंद लिहितं. ती लिहायलाच जागा नाही. जागा करायची तर आत जायला पाहिजे, आत जायचं तर जागा पाहिजे. आमच्या शास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि वादात तो दोष दाखवला की समोरचा गप्प होतो. यंत्र काही गप्प होत नाही, ते आपलं पुन्हा पासवर्ड मागतं. यातून सुटायला दुसरी वाट लागते, एसएसएच नावाची. तिच्यातून पानाशिवाय थेट आज्ञा देता येतात. ही वाट आधीच उघडून ठेवावी लागते, हे महत्त्वाचं. आमची उघडी होती, ते निव्वळ नशीब. नसती तर कंपनीच्या मदत केंद्राला विचारण्यावाचून इलाज नव्हता.

आत गेल्यावर पहिली आज्ञा डीएफ डॅश एच. कुठल्या भागात किती जागा उरली ते ती ओळीने सांगते. आमच्याकडे मोठा भाग ५२ टक्के भरलेला, आणि नुसती तिरकी रेघ लिहिलेला, म्हणजे मूळ भाग, १०० टक्के. नव्यन्यायवाले म्हणतात, नुसतं 'नाही' म्हणणं अपुरं आहे. काय नाही आणि कुठे नाही, दोन्ही सांगा. घट नाही, ठीक, पण कोणत्या भूमीवर? 'जागा नाही' ही यंत्राची तक्रार अगदी अशीच अर्धवट असते, त्यातलं अधिकरण आपल्याला शोधावं लागतं. जागा दाखवत असूनही डीएफ डॅश आय या आज्ञेत १०० टक्के आलं तर फाईलींची संख्याच संपलेली असते, तेही बघून घ्यावं.

मग खोलीत पसारा कशाचा, हे बघायला डीयू. तिच्यासोबत डॅश एक्स विसरायचं नाही. त्याने शोध त्याच भागापुरता राहतो, नाही तर ती गोदामातली पोतीही मोजत बसते. साधारणपणे वाढलेल्या लॉग फाईली सापडतात. आमच्याकडे मात्र गंमत झाली. डीएफ म्हणतं २.३ जीबी भरलं, डीयूची बेरीज १.१ च्या वर जाईना. मग बाकीचं गेलं कुठे?

असा फरक आला की दोन शक्यता तपासायच्या. एक, फाईल पुसली पण कुठला तरी प्रोग्राम ती अजून उघडी धरून बसलाय. भाडेकरूचं नाव पाटीवरून काढलं, पण तो खोलीतच आहे. तो प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा सुटते. म्हणून लॉग पुसण्यापेक्षा जागच्या जागी रिकामी करणं बरं. दुसरी शक्यता आमची निघाली. रोज रात्री दोन वाजता एक स्क्रिप्ट नवी रेकॉर्डिंग बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवते. मध्यंतरी लाईट जाऊन आली. पेटी उठली, पण त्या डिस्कचा अडॅप्टर सैल होता. डिस्क नाही, पण तिच्या नावाचं फोल्डर होतं. नसतं तरी स्क्रिप्टने तयार केलं असतं, आम्हीच तसं लिहिलं होतं. मग फाईली त्या फोल्डरमध्ये, म्हणजे यंत्राच्या हातभर खोलीत पडत राहिल्या. पुढे कुणीतरी अडॅप्टर नीट बसवला आणि खरी डिस्क त्याच नावावर येऊन बसली. सतरंजी अंथरल्यावर खालचा कचरा झाकला जावा तशा त्या फाईली झाकल्या गेल्या. डीएफला जागा भरलेली कळते, डीयूला वरची डिस्क दिसते. नाव तेच, वस्तू दोन! पन्नास वर्षं नाम आणि वस्तू यांवर आम्ही वर्गात बोललो, आणि स्क्रिप्ट लिहिताना फोल्डरलाच डिस्क समजलो.

यूमाउंट ही आज्ञा देऊन बाहेरची डिस्क उतरवली, तर खाली १.२ जीबीची रेकॉर्डिंग. पोरगं पुसायला निघालं, त्याला थांबवलं. आधी ती गोदामात नव्या फोल्डरमध्ये नकलली, मूळ फाईलींशी एकेक ताडून बघितली, मगच खोलीतली काढली. यूएसआर, एलआयबी, ईटीसी या फोल्डरांना हात लावला नाही. तिथे पसारा दिसला तरी तो यंत्राचा संसार आहे. डीएफने मूळ भाग निम्म्याच्या आसपास भरलेला दाखवला आणि पान पहिल्याच पासवर्डला उघडलं.

नुकसान दुसरीकडे निघालं. त्या अकरा रात्री बाहेरच्या डिस्कवर काहीच उतरलं नव्हतं. आरशातल्या दोन डिस्क म्हणजे दोन प्रती असं धरून चालू नका, एकीवर चुकून पुसलं की दुसरीवरही पुसलं जातं. म्हणजे अकरा दिवसांच्या कामाची खरी प्रत एकच होती, आणि त्याच दिवसांत घरणी नदीकाठच्या एका आजींचे दोन तास होते. फॉरमॅट मारला असता तर ते गेले असते, आणि पुन्हा घ्यायला आजी आता नाहीत.

आता स्क्रिप्टमध्ये दोन ओळी वाढवल्या. बाहेरच्या डिस्कवर खुणेची एक छोटी फाईल ठेवली. नक्कल करण्याआधी स्क्रिप्ट ती शोधते, नाही सापडली तर काही न लिहिता थांबते आणि आम्हाला मेल पाठवते. मूळ भाग ८० टक्के भरला तरी मेल येतो. एका श्रोत्याने इथेच विचारलंय, की मेल कुणी वाचलाच नाही तर? बरोबर आहे. म्हणून दर सोमवारी वाचनालय उघडल्यावर ग्रंथपालबाई बाहेरच्या डिस्कवरचं शेवटचं रेकॉर्डिंग लावून दोन मिनिटं ऐकतात, आणि वहीत तारीख टाकतात.