आधी चोरी केली होती, म्हणजे आताही त्यानेच केली?

‘आरोपी सराईत गुन्हेगार असून त्याच्यावर आधीचे चार गुन्हे दाखल आहेत’ असं वाक्य बातमीत आलं की आपला निकाल तिथेच लागतो. कोर्टात मात्र हे वाक्य सहजासहजी पुराव्यात येत नाही. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 54 नुसार फौजदारी खटल्यात आरोपीचं वाईट चारित्र्य गैरलागू होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात हेच कलम 49 आहे. आरोपीला स्वतःच्या चांगल्या चारित्र्याचा पुरावा देता येतो. पण त्याने तो दिला, की सरकारी पक्षालाही दुसरी बाजू काढता येते.

आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाला हे खटकतं. एकदा चोरी केलेला माणूस पुन्हा चोरी करण्याची शक्यता तुमच्या-माझ्यापेक्षा जास्तच असणार ना? मग हाताशी असलेली माहिती फेकून का द्यायची?

एक काल्पनिक गाव घेऊ. घरफोडी झाली, सुगावा काही नाही. पोलीस काय करतील? रेकॉर्डवरच्या चोरांची यादी काढतील. समजा यादीत 50 नावं आहेत, आणि खरा चोर त्यातलाच आहे (पोलिसांना एवढी सवलत देऊन टाकू). साक्षीदाराने सांगितलेल्या वर्णनाला त्यातले 5 जण जुळतात. एकाला पकडलं. तो चोर असण्याची शक्यता 20 टक्के, निर्दोष असण्याची 80. आता कोर्टात कुणी म्हणालं, ‘शिवाय याने आधीही चोरी केलीय’, तर आकडा किती वाढला? शून्याने. रेकॉर्ड तर पाचही जणांचं आहे, त्यावरूनच ते यादीत आले! पण ऐकणाऱ्याला तो नवा पुरावा वाटतो. एकच माहिती दोनदा मोजली जाते. प्रयोगशाळेत कुणी असं केलं तर गाईड पेपर परत पाठवतील.

दुसरी अडचण ‘चारित्र्य’ या कल्पनेचीच. हार्टशोर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांनी 1920 च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना खोटं बोलण्याची, कॉपी करण्याची, पैसे उचलण्याची संधी मिळेल अशा परिस्थितीत ठेवलं. एके ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणीही करेल, हा संबंध फारच कमकुवत निघाला. माणसाचा स्वभाव नसतोच असं नाही, पण एका प्रसंगावरून दुसऱ्याचं भाकीत करायला तो कच्चा आधार आहे.

हे झालं आरोपीचं. तक्रारदाराच्या चारित्र्याला मात्र आपल्या कायद्याने बरीच वर्षं दार उघडं ठेवलं होतं, आणि मला ते जास्त गंभीर वाटतं. कलम 155(4) नुसार बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक’ आहे असं दाखवून तिची साक्ष खोडता यायची. 1972 मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचा मुद्दा धरला आणि दोन्ही पोलिसांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला.

155(4) मात्र त्यानंतरही वीस वर्षं टिकलं. ते 2003 मध्ये गेलं. आणि संमतीचा प्रश्न असेल तेव्हा पीडितेचं चारित्र्य किंवा पूर्वीचे संबंध गैरलागू आहेत, हे कायद्यात स्पष्ट लिहायला 2013 उजाडलं. नव्या कायद्यात ते कलम 48 आहे, आरोपीच्या कलम 49 च्या बरोबर आधी.