घरातली यंत्रे : इंकजेट प्रिंटर आणि चंद्रपूरचा उन्हाळा

घरचा इंकजेट प्रिंटर वापरून झिजतो कमी, पडून राहिल्याने बिघडतो जास्त. त्याची शाई बहुतांशी पाणीच असते. त्यात रंग आणि चटकन वाळू नये म्हणून ग्लिसरॉलसारखे द्रव मिसळलेले असतात. ही शाई हेडवरच्या ज्या छिद्रांतून उडते ती नोझल केसाच्या जाडीहूनही बारीक असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६ अंशांच्या पुढे जातो. प्रिंटरच्या पुस्तिकांत मात्र वापराची कमाल मर्यादा बहुधा ३५ ते ४० अंशच दिलेली असते. सुट्टीभर बंद राहिलेल्या प्रिंटरवर जूनमध्ये शाळेचा फॉर्म छापायला घ्यावा, तर काळी अक्षरेच उमटत नाहीत. याला दुकानदार ‘हेड चोक झालं’ म्हणतात.

वाळण्यापासून हेडला वाचवते ती कॅप. काम संपले की हेड एका टोकाला जाऊन रबरी कडेच्या या कॅपवर टेकते आणि झाकले जाते. हे हमखास घडते ते प्रिंटरच्या स्वतःच्या बटणाने तो बंद केल्यावर. भिंतीवरच्या बोर्डाचा खटका आधी पाडण्याची घरोघरची सवय इथे नडते. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड मध्येच उघडे राहते. वीज आल्यावर प्रिंटर चालू करून त्याच्याच बटणाने बंद करावा. आठवड्याला एक रंगीत पान छापले की शाई हलती राहते.

हेड चोक झालेच तर आधी नोझल चेकचे पान काढावे. रेषा तुटक दिसल्या तर हेड क्लीनिंग एकदा, फार तर दोनदा करावे आणि मग प्रिंटर रात्रभर तसाच ठेवावा. वाळलेली शाई त्या वेळात मऊ पडते. लागोपाठ आठ-दहा वेळा क्लीनिंग केल्याने टाकीतली शाई मात्र भराभर उतरते. ती जाते तळाशी असलेल्या स्पंजच्या पॅडमध्ये, आणि पॅड भरत आल्याचा अंदाज आला की यंत्र छपाईच थांबवते. काही जण पॅड न बदलता नुसता काउंटर रिसेट करून घेतात. पुढे शाई टेबलावर झिरपते.

हाताने सफाई करायची तर कॅप आणि तिच्या शेजारची रबरी पट्टी, म्हणजे वायपर, डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी. अनेकदा दोष हेडचा नसतोच. कडेला शाईची खपली धरल्याने कॅप नीट बसत नसते. बोअरचे पाणी यासाठी चालणार नाही. जिल्ह्यात अनेक ठिकाणी भूजलात फ्लोराइड आणि क्षार आहेत, आणि वाळल्यावर मागे उरलेले क्षार नोझल बुजवतात. डिस्टिल्ड पाणी बॅटरीच्या दुकानात मिळते; बाटलीत ॲसिड नाही ना, हे तेवढे पाहून घ्यावे.

हेड कोणत्या जातीचे आहे यावरही उपाय ठरतो. १९८४ च्या थिंकजेटपासून एचपीने वापरलेल्या पद्धतीत बारीकसा तापक शाईचा बुडबुडा करून थेंब ढकलतो. शाई संपलेली असताना असे हेड चालवले तर तापक जळतो. एचपीच्या अनेक साध्या मॉडेलांत हेड काट्रिजलाच जोडलेले असते, म्हणून नवे काट्रिज घातले की हेडही नवे होते. एप्सनमध्ये विजेच्या दाबाने वाकणारा स्फटिक थेंब ढकलतो. तिथे हेड यंत्रात कायमचे बसवलेले आणि महाग असते, त्यामुळे त्याला जपावेच लागते.

कागदाचे दुखणे वेगळे. बल्लारपूरच्या पेपर मिलमधला असो की बाहेरचा, कागद म्हणजे झाडाचे तंतू, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतात. कूलरच्या झोतात ठेवलेले रीम कडांना वळते, मग एकदम दोन पाने आत जातात. रीम वेष्टनातच ठेवावे, कूलरपासून दूर. अडकलेला कागद तो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने, दोन्ही हातांनी सावकाश ओढावा. पान उचलणारा रोलर गुळगुळीत झाला असेल तर ओलसर कापडाने पुसल्यावर त्याची पकड परत येते.

कोळशाची आणि राखेची धूळ शहरात कायमचीच, म्हणून प्रिंटरवर सुती कापड घालावे. हेड ज्या पारदर्शक पट्टीच्या खुणा वाचत सरकते तिच्यावर धूळ किंवा ग्रीस बसले की ते कडेला धाडकन आपटते. पट्टी कोरड्या मऊ कापडाने हलकेच पुसावी. ओढाताणीत ती निसटली, तर पुन्हा बसवताना तिची बाजू उलटी होऊ देऊ नये.