मुक्काम पोस्ट छप्पन ए.पी.ओ.

सीमेवरच्या जवानाला घरून पाठवलेल्या पत्राच्या पत्त्यात गाव नसते. सैन्य क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, ९ या आकड्याने सुरू होणारा पिनकोड आणि शेवटी ‘मार्फत ५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘मार्फत ९९ ए.पी.ओ.’ (आर्मी पोस्ट ऑफिस). बस, एवढेच. मुलगा बर्फात आहे की वाळवंटात, हे पत्ता लिहिणाऱ्या वडिलांना ठाऊक नसते आणि पत्र नेणाऱ्या पोस्टमनलाही नाही. तरीही पत्र पोचते. ठिकाण गुप्त ठेवायचे आणि खुशाली मात्र पोचवायची, या दोन उलट गरजा सांभाळणारी ही व्यवस्था दीडशेहून अधिक वर्षांची आहे.

१८५६ मध्ये इराणच्या मोहिमेवर निघालेल्या हिंदी फौजेबरोबर प्रथमच फिरते टपालघर गेले आणि बुशहर बंदरात त्याचे काम सुरू झाले. पुढे अॅबिसिनिया, अफगाणिस्तान, चीन अशा प्रत्येक मोहिमेत टपालाची माणसे फौजेच्या मागोमाग राहिली. पण खरी कसोटी लागली ती पहिल्या महायुद्धात. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेय बंदरात उतरली आणि काही महिन्यांतच तिथून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे घराकडे निघू लागली.

या शिपायांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. लिहिता येणारा सोबती मजकूर उतरवून घेई. गावी ते पत्र मास्तर किंवा टपालवाला चारचौघांत वाचून दाखवी. मधल्या टप्प्यावर सैनिकी टपालाच्या तपासणीचे प्रमुख कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखालचे तपासनीस होतेच. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी अशा लिप्यांतली आणि भाषांतली पत्रे ते चाळत, निवडक उताऱ्यांचे इंग्रजी भाषांतर करत आणि वरिष्ठांना अहवाल पाठवत. म्हणजे नवऱ्याचा शब्द बायकोच्या कानी पडेपर्यंत निदान तीन परक्या माणसांनी तो ऐकलेला असे. शिपायांनाही हे माहीत होते. काळी मिरी म्हणजे हिंदी सैनिक आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असे सांकेतिक शब्द त्यांनी रूढ केले. काळी मिरी संपत आली आहे, याचा अर्थ गावकरी बरोबर लावत. या पत्रांत जनावरे, पाऊस, कर्ज, सोयरीक यांचे बोलणे भरपूर आणि दोघांच्या मनातले मोजके सापडते, ते बहुधा या चारचौघांमुळेच. मूळ पत्रे बहुतेक काळाआड गेली. तपासनिसांचे उतारे मात्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि शिपायाचा आवाज आज ऐकू येतो तो मुख्यतः त्यांतूनच.

मराठा पलटणींच्या वाट्याला तेवढाही आधार सर्वत्र आला नाही. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूट-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि हजारो हिंदी सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले. वेढ्यातून साधे टपाल बाहेर पडण्याची वाटच नव्हती. सातारा, कोल्हापूर, कोकण या भागांतल्या घरांनी तो काळ कसा काढला असेल, याची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत फारशी मिळत नाही. लढाईच्या इतिहासात घराकडची बाजू नेहमीच अशी अंधारात राहते.

स्वातंत्र्यानंतर हे काम करणाऱ्या सेना टपाल सेवेला १ मार्च १९७२ रोजी स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला. तिचे ब्रीद ‘मेल मिलाप’ आणि प्रशिक्षण केंद्र नागपूरजवळ कामठीला. तिच्यातली बहुसंख्य माणसे टपाल खात्यातून गणवेशात आलेली असतात. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी. देशाचे आठ भौगोलिक विभाग झाले आणि नववा आकडा फौजेसाठी राखला गेला.

या आकड्याचे काम पत्राच्या प्रवासात दिसते. कराडजवळच्या एखाद्या खेड्यातून निघालेले पत्र ९ आणि ‘५६ ए.पी.ओ.’ पाहून दिल्लीच्या मुख्य सैनिकी टपाल केंद्राकडे वळते, ‘९९ ए.पी.ओ.’ म्हणजे पूर्वेकडचा भाग, त्याचे टपाल कोलकात्याला. तिथे पत्रांची वर्गवारी पलटणीप्रमाणे होते. कोणती पलटण कुठे आहे, हे ठाऊक असते ते या केंद्राला. पलटण राजस्थानातून लडाखला हलली की केंद्रातली नोंद बदलते, घरच्यांचा पत्ता तसाच राहतो. तिथून थैली विमानाने किंवा ताफ्यातून छावणीच्या टपालघरात जाते आणि पुढे पलटणीचा माणूस ती रेशनबरोबर चौकीवर चढवतो. हवा बिघडली की थैली अडते. मग एकदम पाच-सहा पत्रे हाती पडतात आणि जवान ती आधी तारखेप्रमाणे लावून घेतो.

निळ्या आंतर्देशीय पत्राला दुमडायच्या कडेपर्यंत मजकूर असे. डिंकाच्या पट्टीशेजारी धाकट्या भावंडांचे नमस्कार कोंबलेले. मनिऑर्डरचे कूपन त्याहून लहान. पैशाबरोबर आलेल्या त्या चिठोऱ्यावरच्या चार ओळींत कोणाला किती द्यायचे, याचा हिशेब असायचा. तार मात्र आली की घर हादरे. जवानाच्या बाजूला तिचा उपयोग वेगळा होता: आई आजारी असल्याची तार साहेबापुढे ठेवली की तातडीची रजा मागता येई. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, २०१५ मध्ये जुनी मनिऑर्डरही.

घरच्या पत्रांत सर्वांत त्रासदायक विषय जमिनीचा. बांध कोरला, वाटणीत फसवले, अशी बातमी हजारो फूट उंचीवर पोचते आणि माणूस तिथून काहीच करू शकत नाही. हे ओळखून १९२५ मध्ये सैनिकांच्या दाव्यांविषयी कायदा झाला. खास परिस्थितीत सेवेत असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्याविरुद्ध दिवाणी किंवा महसुली दावा निकाली निघू नये, अशी तरतूद त्यात आहे. जवानाचे कमांडिंग ऑफिसर जिल्हाधिकाऱ्यांना पत्र लिहितात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही पाठपुरावा करते. ही सोय गावागावांतल्या सुनांना माहीत असायला हवी, कारण तलाठ्यासमोर उभे राहावे लागते ते त्यांनाच.

फोनने हे चित्र पालटले, पण सावकाश. उंच चौक्यांवर भिस्त उपग्रह फोनवर होती. २०१७ च्या दिवाळीत त्याचा दर मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपयावर आला आणि महिन्याचे ५०० रुपयांचे भाडे माफ झाले. २०२३ मध्ये सियाचीन भागात १५,५०० फुटांपेक्षा अधिक उंचीवर बीएसएनएलचा मनोरा उभा राहिला. पत्र लिहून घेणारा, तपासणारा आणि वाचून दाखवणारा असे मधले तिघे गेले. नवरा-बायको थेट बोलू लागले. मात्र घरचे भांडणही आता त्याच रात्री चौकीवर पोचते. पत्र पोचेपर्यंत राग निवायला मिळणारा अवधी राहिला नाही. आणि ठिकाण न सांगण्याचा जुना नियम टिकून आहे: जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप काढून टाकण्याचा आदेश दिला. एका छायाचित्रामागचा डोंगरही जागा सांगून जातो.

छावणीचे टपालघर मात्र फोनमुळे बंद पडलेले नाही. श्रावणात राख्यांच्या थैल्या तिथे येतात, दिवाळीत पार्सले येतात. मुखत्यारपत्र, वारसाच्या नोंदीचे अर्ज, बँकेची कागदपत्रे असे सहीचे कागद आजही छप्पन ए.पी.ओ.च्याच वाटेने ये-जा करतात.