पेशव्यांच्या पुण्याचे पाणी

पुण्याला नदी आहे. मग पुण्याला पाण्याची चणचण कशाला पडावी, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण ऐका.

१७३० साली पहिल्या बाजीरावाने शनिवारवाड्याचा पाया घातला. तोवर पुणे म्हणजे एक लहानसे कसब्याचे गाव होते. वाडा उभा राहिला आणि पुणे राजधानी झाले. मग काय विचारता! सरदार आले, सावकार आले, शास्त्री-भिक्षुक आले. त्यांच्या मागून तेली, तांबोळी, कासार, सुतार आले. पेठेला पेठ लागत गेली. एवढ्या सगळ्यांना प्यायला, आंघोळीला, गुरांना पाणी हवे. मुठा नदी तर पावसाळ्यात दुथडी भरून वाहायची आणि उन्हाळ्यात आटायची.

तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास एक मोठे काम हाती घेतले. पुण्याच्या दक्षिणेला कात्रजचा डोंगर आहे. तिथे तलाव बांधला. तलावातून शहरापर्यंत जमिनीखालून नळ आणला. नळ म्हणजे लोखंडी नळी नव्हे बरं का! दगड, विटा आणि चुना यांनी बांधलेला तो एक लांब बोगदाच. काही ठिकाणी तर माणूस आतून चालत जाईल एवढा मोठा.

त्या काळी पाणी ओढायला यंत्र नव्हते. मग पाणी आले कसे? उताराने. कात्रज उंचावर आहे आणि शनिवारवाडा खाली आहे. कारागिरांनी सगळ्या वाटेवर बेताचा उतार ठेवला. उतार फार झाला तर पाणी बांधकाम खाते, कमी झाला तर गाळ साचून वाट बुजते. नळावर जागोजाग विहिरीसारखी तोंडे ठेवली होती. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे आणि गाळ काढायला माणसाला आत उतरता येई. हे काम करणारे गवंडी-पाथरवट कोण होते, त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. नाव पेशव्यांचे राहिले.

नळाला फाटे काढून पेठांमध्ये हौद बांधले. नाना फडणविसांनी पुढे आंबेगावाहून दुसरा नळ सदाशिव पेठेत आणला. सरदार रास्त्यांनी कोंढव्याकडून आपल्या पेठेत पाणी आणले. पुण्यातल्या एका चौकाला आजही फडके हौद म्हणतात.

हौद म्हणजे पेठेची बैठकच. बायका घागरी-कळशा घेऊन येत. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचे लग्न ठरले, मोहिमेवरून कुणाची खबर आली, सगळे तिथे कळे. श्रीमंतांच्या घरी पाणक्या ठेवलेला असे. तो हंडे वाहून रांजण भरी. बैलाच्या पाठीवर कातडी पखाल टाकून पखालीही पाणी पोहोचवीत. पण सोवळ्यातल्या घरात कातड्यातले पाणी चालत नसे. तिथे तांब्या-पितळेच्या भांड्यातलेच पाणी लागे.

आणि ज्यांना हौदाला हात लावायचीच मनाई होती, त्यांचे काय? महार, मांग, चांभार यांनी हौदावर यायचे नाही, असा दंडक होता. वरच्या जातीचा कुणी येईपर्यंत दूर उभे राहायचे. त्याला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. नाही आली तर रिकामे मडके घेऊन परत फिरायचे. अभ्यासकांनी असेही लिहिले आहे, की सकाळी नवाच्या आधी आणि दुपारी तीननंतर त्यांना शहरात यायची बंदी होती. त्या वेळी सावली लांब पडते, ती कुणावर पडू नये म्हणून! ज्या गुरांच्या कातड्याची पखाल व्हायची, ते कातडे कमावणार कोण? तेच लोक. पण पाण्यापाशी त्यांना जागा नव्हती. पाणी उतार पाहून वाहते, माणसाने मात्र त्याला जात लावली.

१८१८ साली पेशवाई संपली. चाल मात्र तशीच राहिली. १८५५ साली मुक्ता साळवे नावाच्या मांग समाजातल्या मुलीने एक निबंध लिहिला. ती जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकली होती. पेशवाईत आपल्या लोकांनी काय सोसले, ते तिने त्यात उघड मांडले. तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला.

पुढे १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. लोक नावे ठेवीत होते. जोतीरावांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांचा वाडा आजही पुण्यात गंज पेठेत आहे. त्या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात.